जुन्या संगणकावर सीडी-रॉमवरील सॉफ्टवेअर बसविणे : दोषपरीक्षा आणि उपाय

सन १९९८ ते २००८ या काळात महाराष्ट्रातील कित्येक वैद्यांच्या घरी, चिकित्सालयांत आणि आयुर्वेदीय औषधी दुकानांत पहिला संगणक आला. त्या काळी सॉफ्टवेअर विकत घ्यायचे म्हणजे सीडी-रॉम विकत घ्यायची, असाच प्रघात होता. संहिताग्रंथांतील शब्द शोधण्याची साधने, प्रकृतिपरीक्षणाच्या प्रश्नावल्या, रुग्णपत्रिका ठेवण्याच्या प्रणाली, दुकानातील साठा व बिले यांची सॉफ्टवेअर आणि मराठी टंकलेखनाचे फॉन्ट हे सारे सीडीवरच मिळे. आज सॉफ्टवेअर महाजालावरून उतरवून घेतले जाते आणि नव्या लॅपटॉपला बहुधा सीडी ड्राइव्हच नसतो. तरीही विंडोज ९८ किंवा विंडोज एक्सपीवर चालणारा जुना संगणक अनेकांनी अद्याप जपून ठेवला आहे, आणि त्यास सबळ कारण आहे. वीस-वीस वर्षांच्या रुग्णपत्रिका आणि अनुभूत योगांच्या नोंदी ज्या प्रणालीत लिहिल्या, ती प्रणाली दुसऱ्या संगणकावर सहजासहजी उघडत नाही.

असा संगणक एके दिवशी अडून बसतो. कपाटातील मूळ सीडी बाहेर निघते, ड्राइव्हमध्ये जाते आणि पडद्यावर इंग्रजीत एखादा संदेश उमटून काम थांबते. दुरुस्तीस बोलाविलेला तंत्रज्ञ पुष्कळदा एकच उपाय सुचवितो : ‘फॉरमॅट करून टाकू.’ त्याच्या दृष्टीने संगणक सुरू झाला की काम संपले. वैद्यांच्या दृष्टीने मात्र संगणकापेक्षा त्यातील नोंदी मोलाच्या असतात, आणि फॉरमॅटमध्ये नेमक्या त्याच नष्ट होतात.

सीडी चालत नाही हे लक्षण आहे, व्याधी नव्हे. त्याचा हेतू चार ठिकाणी असू शकतो : प्रत्यक्ष तबकडीत, ती वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये, संगणकाच्या कार्यप्रणालीत, किंवा त्या सॉफ्टवेअरमध्येच. ही चार स्थाने क्रमाने तपासली, तर बरेचसे दोष वैद्यांना वा दुकानदारांना स्वतः ओळखता येतात. उरलेल्यांसाठी तंत्रज्ञाला नेमके काय करावयास सांगावे आणि काय करू देऊ नये, हे तरी निश्चित समजते. प्रस्तुत लेखात आम्ही हा क्रम मांडत आहोत.

आधी रक्षण, मग चिकित्सा

संगणक सुरू होत असेल, तर दोष शोधण्यापूर्वी नोंदींची प्रत काढून घ्यावी. त्या काळातील बहुतेक प्रणाली आपली माहिती ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवीत नसत. ती सी ड्राइव्हवर प्रणालीच्या नावाच्या फोल्डरमध्ये किंवा ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या आत असे. फोल्डर उघडून फाइल्स दिनांकानुसार लावाव्यात. ज्या फाइल्सवर अगदी अलीकडील तारीख दिसते, त्यांतच बहुधा नोंदी असतात. परंतु त्या तेवढ्याच निवडून न घेता संपूर्ण फोल्डर उचलावे.

यास विशेष कारण आहे. फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये तयार झालेल्या प्रणाली मुख्य तक्ता डीबीएफ फाइलमध्ये ठेवतात, पण लांबलचक मजकूर मेमो नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवतात. तिच्या नावाचा शेवट फॉक्सप्रोत एफपीटी, तर क्लिपरमध्ये बहुधा डीबीटी असा असतो. रुग्णाचे नाव, वय व तारीख पहिल्या फाइलमध्ये, तर वेदनावृत्त, परीक्षण आणि चिकित्सेचे टिपण दुसरीत, अशी ही विभागणी होते. केवळ डीबीएफची प्रत घेतल्यास रुग्णांची यादी हाती राहते आणि रुग्णपत्रिका हरवते.

प्रत कोठे घ्यावी, हाही प्रश्न येतो. विंडोज एक्सपी पेन ड्राइव्ह आपणहून ओळखते. विंडोज ९८ ला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. तो नसल्यास संगणक बंद करून हार्ड डिस्क बाहेर काढावी आणि आयडीई-यूएसबी जोडणीच्या साधनाने ती दुसऱ्या संगणकास लावून प्रत घ्यावी. संगणक सुरूच होत नसला, तरी हार्ड डिस्क शाबूत असल्यास हाच मार्ग चालतो. प्रत घेईपर्यंत जुने सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करू नये, कारण काही प्रणाली स्वतःबरोबर नोंदींचे फोल्डरही पुसून टाकतात. तंत्रज्ञास संगणक देताना ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे.

तबकडीची परीक्षा

सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. तीवर साधारण ६५० ते ७०० मेगाबाइट माहिती मावते. खालची चकाकणारी बाजू हीच नाजूक, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तेथे पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा जाड थर असतो. माहितीचा परावर्तक थर वरच्या, म्हणजे छापील नावाच्या बाजूस, केवळ लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून खालच्या बाजूचा बारीक ओरखडा पुष्कळदा निभावून जातो, पण वरच्या बाजूस टोकदार पेनाने लिहिलेला अनुक्रमांक किंवा ओढून काढलेली चिकटपट्टी माहितीचा थरच उखडू शकते. सीडी उजेडासमोर धरून पाहावी. आरपार सुईएवढी छिद्रे दिसली, तर तेथील थर गेला आहे असे समजावे.

सीडीवरील माहिती आतून बाहेर लिहिली जाते आणि अनुक्रमणिका मध्याच्या जवळ असते. त्यामुळे मध्याजवळचा लहानसा डाग संपूर्ण सीडी अवाचनीय करतो, तर कडेचा मोठा डाग कधी कधी काहीच त्रास देत नाही. सीडी पुसताना स्वच्छ, मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोलाकार पुसू नये. गोलाकार ओरखडा माहितीच्या मार्गावरूनच जातो, आणि असा सलग दोष सुधारणे ड्राइव्हला कठीण जाते. तेलकट बोटांचे ठसे असल्यास साध्या पाण्यात साबणाचा थेंब घालून पुसावे व पूर्ण वाळवावे. स्नेहनाचे तेल लागलेल्या हातांनी सीडी हाताळणे टाळावे, हे आपल्या चिकित्सालयांत निराळे सांगावयास हवे.

कारखान्यात छापलेली सीडी आणि संगणकावर ‘बर्न’ केलेली सीडी यांत भेद आहे. पहिलीत माहिती ठशाने उमटविलेली असते, तर दुसरीत ती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी ते रंगद्रव्य क्षीण होते. विक्रेत्याने दिलेली सीडी हिरवट किंवा निळसर झाक असलेली असेल, तर ती बहुधा दुसऱ्या प्रकारची होय. तिच्याकडून दीर्घायुष्याची अपेक्षा धरू नये.

मधल्या छिद्राभोवती तडा गेलेली सीडी कोणत्याही परिस्थितीत ड्राइव्हमध्ये घालू नये. ५२ एक्स वेगाचा ड्राइव्ह मिनिटास सुमारे दहा हजार फेरे घेतो. त्या वेगात तडकलेली सीडी फुटून ड्राइव्हचाही नाश होतो.

ड्राइव्हची परीक्षा आणि उपशय

सीडी निर्दोष दिसत असूनही चालत नसेल, तर दोष तिचा की ड्राइव्हचा, हे ठरविण्यासाठी आपणा सर्वांस परिचित अशी उपशय-अनुपशयाची पद्धत उपयोगी पडते. त्याच ड्राइव्हमध्ये दुसरी, चालणारी सीडी घालून पाहावी, आणि तीच सीडी दुसऱ्या संगणकात घालून पाहावी. दुसरी सीडी नीट वाचली गेली आणि पहिली दोन्हीकडे अडली, तर दोष तबकडीचा. पहिली अन्यत्र वाचली गेली आणि या ड्राइव्हमध्ये कोणतीच वाचली जात नाही, तर दोष ड्राइव्हचा. दोन्ही संगणकांत सीडीतील फाइल्स दिसतात, पण सॉफ्टवेअर एकावरच बसते, तर दोष कार्यप्रणालीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये शोधावा. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि ती न करता नवा ड्राइव्ह विकत घेणे व्यर्थ ठरते.

चाचणीची सीडी निवडताना एक दक्षता घ्यावी. सीडी-रॉम ड्राइव्ह डीव्हीडी वाचू शकत नाही, आणि फार जुने ड्राइव्ह पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यूदेखील वाचत नाहीत. तेव्हा चाचणीसाठी छापील सीडीच घ्यावी.

ड्राइव्हचे दिवे लागतात, पण ‘माय कॉम्प्युटर’मध्ये त्याचे चिन्हच नाही, असे असल्यास संगणक बंद करून, प्लग काढून, आतील पट्टीसारखी केबल दोन्ही टोकांस घट्ट बसली आहे ना ते पाहावे. जुन्या आयडीई पद्धतीत एका केबलवर दोन साधने असतात आणि त्यांतील एक मास्टर, दुसरे स्लेव्ह असे पाठीमागच्या जंपरने ठरवावे लागते. दोन्ही मास्टर राहिल्यास दोन्ही दिसेनाशी होऊ शकतात. विंडोज एक्सपीवर सीडी लिहिण्याचे एखादे सॉफ्टवेअर काढून टाकल्यानंतर ड्राइव्ह अदृश्य झाला असेल, तर रजिस्ट्रीतील ‘अपर फिल्टर्स’ व ‘लोअर फिल्टर्स’ या नोंदी कारणीभूत असण्याचा संभव मोठा असतो. त्या काढण्याचे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे.

ड्राइव्ह चिन्हासह दिसतो, मात्र सीडी बराच वेळ फिरत राहून थांबतो, याचे एक नित्याचे कारण भिंगावरील धूळ हे आहे. चूर्णे तयार होतात किंवा पुड्या बांधल्या जातात त्या खोलीत संगणक ठेवू नये, हे सांगण्याचे प्रयोजन इतकेच की संगणकाचा पंखा ती सूक्ष्म धूळ आत ओढतो. भिंग कोरड्या, मऊ कुंचल्याने हलकेच झाडावे. त्यावर फुंकर मारू नये व पाणी लावू नये.

ड्राइव्ह वाचतो पण अतिशय मंद, आणि त्या वेळी माऊसही अडखळतो, असे एक्सपीवर दिसल्यास निराळे कारण संभवते. वाचनात वारंवार दोष आला की एक्सपी त्या साधनाला जलद डीएमए पद्धतीतून संथ पीआयओ पद्धतीत टाकते आणि दोष गेल्यावरही तेथेच ठेवते. डिव्हाइस मॅनेजरमधील आयडीई चॅनल काढून संगणक पुन्हा सुरू केल्यास ते पूर्ववत होते.

सॉफ्टवेअर बसविण्याचा क्रम

सीडी व ड्राइव्ह निर्दोष ठरल्यावरच सॉफ्टवेअर बसविण्यास घ्यावे. सीडी घातल्यावर आपोआप पडदा उघडला नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. ती ‘ऑटोरन’ची सोय अनेक संगणकांत मुद्दाम बंद केलेली असते. माय कॉम्प्युटरमधील सीडीच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून ‘एक्सप्लोअर’ निवडावे. आत ‘रीड मी’ नावाची फाइल असल्यास ती प्रथम वाचावी, कारण कोणती विंडोज, किती मेमरी व किती जागा हवी हे तीत लिहिलेले असते. त्यानंतर ‘सेटअप’ किंवा ‘इन्स्टॉल’ या फाइलवर दोनदा टिचकी मारावी.

तत्पूर्वी बाकीची सर्व कामे बंद करावीत. एक्सपीवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून प्रवेश केलेला असावा. बसविताना ‘संगणकावरील फाइल सीडीवरील फाइलपेक्षा नवी आहे, ती तशीच ठेवावी काय?’ अशा अर्थाचा प्रश्न आल्यास ‘होय’ असे उत्तर द्यावे. जुनी फाइल नवीवर बसल्यास या सॉफ्टवेअरचे काम होते, पण दुसरी, आजवर सुरळीत चाललेली प्रणाली बिघडते. एक सॉफ्टवेअर बसवून झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा व ते चालवून पाहूनच दुसऱ्यास हात घालावा. एकाच दिवशी चार सॉफ्टवेअर बसविल्यास उपद्रव कोणामुळे झाला, हे कळत नाही.

ड्राइव्ह क्षीण असेल, तर सीडीतील सर्व फाइल्स आधी हार्ड डिस्कवरील एका फोल्डरमध्ये उतरवून तेथून सेटअप चालवावा. मात्र काही सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी मूळ सीडी मागतात. ती ज्या अक्षराच्या ड्राइव्हमध्ये प्रथम बसविली गेली ते अक्षर लक्षात ठेवतात. पुढे हार्ड डिस्कचा नवा विभाग पाडल्याने सीडीचा ड्राइव्ह ‘डी’चा ‘ई’ झाला, की सीडी आत असूनही ‘सीडी घाला’ असा संदेश येतो. एक्सपीवर डिस्क मॅनेजमेंटमधून जुने अक्षर परत दिल्यास हा दोष तत्काळ जातो.

नेहमी दिसणारे संदेश आणि त्यांचा अर्थ

१. ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ : सीडीवरील माहितीचा मेळ बसत नाही. सीडी पुसून पाहावी, मग दुसऱ्या ड्राइव्हवर पाहावी. हार्ड डिस्कवरील फाइल उघडताना हाच संदेश आल्यास मात्र ती हार्ड डिस्क खराब होत असल्याची पूर्वसूचना समजावी व त्याच दिवशी प्रत घ्यावी.

२. ‘डिव्हाइस इज नॉट रेडी’ : सीडी उलटी बसली आहे, नीट रुतलेली नाही किंवा वाचलीच जात नाही.

३. मोठ्या हार्ड डिस्कवर ‘पुरेशी जागा नाही’ : काही जुन्या सेटअपना २ गिगाबाइटहून अधिक मोकळी जागा मोजताच येत नाही. जागा विपुल असल्यामुळेच ती नाही असे ते समजतात. मोकळी जागा त्याहून कमी असलेल्या लहान विभागात सॉफ्टवेअर बसवावे.

४. विंडोज ९८ वर मेमरी वाढविल्यानंतर ‘मेमरी अपुरी’ : ही विंडोज ५१२ मेगाबाइटपेक्षा अधिक मेमरी असल्यास गोंधळते. वाढविलेली मेमरी काढून पाहावी.

५. ‘रनटाइम एरर २००’ किंवा ‘डिव्हाइड’ या शब्दाचा दोष : टर्बो पास्कल किंवा फॉक्सप्रो २.६ मधील जुनी प्रणाली वेगवान प्रोसेसरवर पहिल्याच मोजणीत कोलमडते. येथे संगणक बिघडलेला नसून गरजेपेक्षा जलद असतो. या दोषासाठी दुरुस्तीची छोटी साधने उपलब्ध आहेत.

६. एखादी डीएलएल किंवा ओसीएक्स फाइल सापडत नाही : केवळ फोल्डरची प्रत घेऊन सॉफ्टवेअर चालविण्याचा प्रयत्न केल्यास असे होते. मूळ सीडीवरून रीतसर बसवून मग जुन्या नोंदींचे फोल्डर त्यात ठेवावे. अज्ञात संकेतस्थळावरून ती एकच फाइल उतरवून घेऊ नये.

७. ‘२५६ रंग आवश्यक’ : एक्सपीवर प्रणालीच्या चिन्हावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी असे जाऊन २५६ रंग आणि विंडोज ९५ किंवा ९८ निवडावे.

८. ‘मुदत संपली’ किंवा तारीख भलतीच : मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी क्षीण झाल्याने संगणकाचे घड्याळ मागे जाते. बॅटरी बदलून तारीख लावावी. घड्याळ चुकलेले असताना केलेल्या नोंदी व बिले शोधून दुरुस्त करावीत.

तारखेसंबंधी औषधी दुकानदारांसाठी आणखी एक सूचना आहे. विंडोज नव्याने बसविल्यावर तिची मांडणी पुष्कळदा अमेरिकी पद्धतीची, म्हणजे महिना आधी व दिवस नंतर अशी राहते. त्यामुळे ०५/०८ ही ५ ऑगस्टची तारीख ८ मे अशी वाचली जाते. सॉफ्टवेअर कोणताही संदेश देत नाही, चालू राहते, आणि औषधाच्या मुदतीचा दिनांक तीन महिने सरकतो. कंट्रोल पॅनलमधील रीजनल सेटिंग्जमध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम लावूनच साठ्याची पहिली नोंद करावी. वर उल्लेखिलेल्या सर्व दोषांत हा दोष सर्वाधिक शांत आणि सर्वाधिक घातक आहे.

देवनागरी फॉन्टचा प्रश्न

सॉफ्टवेअर बसले, नोंदी उघडल्या, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. नोंदी बिघडलेल्या नसतात. त्या काळातील बहुतेक देवनागरी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकार बसवीत असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. तोच फॉन्ट संगणकात नसेल, तर मजकूर वाचता येत नाही, आणि तो बसविताच जसाच्या तसा दिसतो. म्हणून जुन्या संगणकातील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची प्रतही नोंदींच्या बरोबर घ्यावी. डॉसवर चालणाऱ्या काही मराठी प्रणालींसाठी सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसविलेले असे. त्यांतील मजकूर १९९१ साली मानक ठरलेल्या इस्की संकेतात असतो.

विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून, मंगल या फॉन्टसह आली. विंडोज एक्सपीवर ती रीजनल सेटिंग्जमधील ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा पर्याय निवडून सुरू करावी लागते आणि त्यासाठी विंडोजची सीडी मागितली जाते. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने आता उपलब्ध आहेत व दीर्घकाळासाठी तेच श्रेयस्कर आहे. परंतु रूपांतरात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांत प्रमाद घडतात. ‘कर्ष’मधील रफार गळाला की परिमाणाचे नावच अर्थहीन होते. मात्रांचे आकडे, अनुपान आणि द्रव्यांची नावे मूळ नोंदीशी ताडून पाहिल्याखेरीज रूपांतरित प्रत चिकित्सेसाठी वापरू नये.

नव्या संगणकावर जुनी सीडी

नव्या संगणकास यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह जोडता येतो. त्याहून उत्तम मार्ग म्हणजे चांगल्या स्थितीतील सीडीची आयएसओ प्रतिमा काढून ठेवणे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, अशी प्रतिमा दोन टिचक्यांत सीडीप्रमाणे उघडते आणि मूळ सीडीला पुन्हा हात लावावा लागत नाही.

तथापि सीडी वाचली गेली म्हणजे सॉफ्टवेअर चालेलच असे नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांच्या प्रणाली चालत नाहीत, आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांचीच आहे. काही वेळा सॉफ्टवेअर ३२ बिटांचे असूनही त्याचा सेटअप १६ बिटांचा असल्याने पहिल्याच पायरीवर अडते. अशा वेळी नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक उभारून त्यात आपल्या परवान्याची जुनी विंडोज बसविता येते. डॉसवरील प्रणालींसाठी डॉसबॉक्स पुष्कळदा पुरेसे होते. अडचण राहते ती पाठीमागील प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावावयाच्या कुलूपवजा डोंगलची. नव्या संगणकांत तो पोर्टच नसतो. डोंगल लागणारी प्रणाली असेल, तर जुना संगणक जपणे आणि त्यातील नोंदी लवकरात लवकर बाहेर काढणे हाच मार्ग उरतो.

जुना संगणक जपताना तो महाजालाशी जोडू नये. विंडोज ९८ चे सुरक्षा-साहाय्य २००६ मध्ये, तर एक्सपीचे ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली माहिती अशा उघड्या संगणकावरून बाहेर जाणे आपल्या व्यवसायधर्मास शोभणारे नाही.

साध्यासाध्यविचार

प्रत्येक सीडीसाठी एवढा खटाटोप करणे आवश्यक नाही. सीडीवर केवळ संहिताग्रंथ असतील, तर ती वाचविण्याचा आग्रह सोडावा. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन मेडिकल हेरिटेज या संस्थेने चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, माधवनिदान यांच्या संगणकीय आवृत्त्या महाजालावर उपलब्ध करून दिल्या आहेत, आणि छापील ग्रंथ आपल्या कपाटात आहेतच. दुकानाच्या बिलांचे सॉफ्टवेअर असेल, तर जुन्या नोंदी काढून घेऊन नवे सॉफ्टवेअर घेणे सुलभ पडते. स्वतःच्या रुग्णपत्रिका मात्र अन्यत्र कोठेही नाहीत. त्यांच्यासाठी केलेला श्रम व खर्च सार्थ आहे.

त्यांच्या बाबतीतही सॉफ्टवेअर सदैव चालू ठेवणे हे साध्य मानू नये. ते एकदा चालू झाले की त्यातील ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘रिपोर्ट’ या सोयीने सर्व नोंदी साध्या मजकुराच्या किंवा तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढाव्यात. ती सोय नसल्यास डीबीएफ फाइल लिब्रेऑफिससारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावी. अशी प्रत कोणत्याही संगणकावर वाचता येते व पुढील पिढीतील वैद्यांच्याही उपयोगी पडते.

आमची सभासदांस विनंती आहे की, संगणक अजून सुरू होतो आहे तोवरच हे काम हाती घ्यावे. एका वहीत प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव, सीरियल क्रमांक, ते कोणत्या विंडोजवर चालते, नोंदींचे फोल्डर कोणते, फॉन्टचे नाव काय आणि डोंगल लागते की नाही, हे लिहून ठेवावे. सीडी तिच्या डबीत, उभी, ऊन व ओल यांपासून दूर ठेवावी. कोकणातील सभासदांनी पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी अवश्य घालावी. नोंदींच्या दोन प्रती असाव्यात, त्यांतील एक चिकित्सालयाबाहेर, आणि दरवर्षी दसऱ्यास शस्त्रपूजन करताना त्या दोन्ही प्रती उघडून, त्यांतील एखादी रुग्णपत्रिका वाचून पाहावी.